रॉस्किलच्या धूरपेटीची कैफियत

ऑकलंड शहराच्या मध्यवस्तीतून निघून दक्षिणेकडे जवळजवळ सरळ रेषेत जाणाऱ्या डॉमिनियन रस्त्याच्या अखेरीस निवालेल्या ज्वालामुखीची एक लहानशी टेकडी आहे. इंग्रजी अमलात तिला माउंट रॉस्किल हे नाव मिळाले, परंतु माओरी लोक तिला पुकेतापापा आणि पुकेवीवी या दोन नावांनी फार पूर्वीपासून ओळखत आले आहेत. तिच्या पायथ्याशी जी वस्ती वाढली, तिला १९४७ साली स्वतंत्र नगरपालिकेचा दर्जा प्राप्त झाला आणि १९८९ च्या पुनर्रचनेत ती ऑकलंड नगरीत विलीन झाली. या कारकीर्दीतील १९५३ पासून १९७४ पर्यंतची वर्षे नगराध्यक्षपद कीथ हे नामक एकाच गृहस्थाकडे होते, आणि घरबांधणीच्या व्यवसायात नाव मिळविलेल्या या धर्मनिष्ठ पुरुषाच्या अमदानीत रॉस्किलला जे भाविक, नेमस्त आणि मद्यविन्मुख वळण लागले होते, त्याचा एक अवशेष म्हणून येथील मद्यबंदी थेट १९९९ पर्यंत टिकून राहिली. रस्ते, गटारे, घरपट्टी आणि दारूचे परवाने यांची हकिकत कोणत्याही नगरपालिकेच्या दप्तरात विस्ताराने सापडते. परसदारी कोणी काय शिजविले, काय वाळविले आणि कशाला धूर दिला, या बाबींना दप्तरात जागा नसते. तरीही या वस्तीत शनिवारी सकाळी फिरणाऱ्याला मानुका लाकडाच्या भुश्याचा जो गोडसर, किंचित उग्र वास येतो, त्यालाही एक इतिहास आहे, आणि तो इतिहास ठाऊक असल्यावाचून विजेवर चालणाऱ्या धूरपेटीविषयीची येथील नित्याची तक्रार नीट उलगडत नाही.

ती तक्रार अशी की, पेटी तापत नाही. मानुकाऊच्या खाडीतून धरून आणलेल्या कहावाई माशाचे मीठ लावलेले तुकडे जाळीवर मांडले, दार बंद केले, थर्मोस्टॅटवर शंभर अंश सेल्सियसची मागणी नोंदविली आणि दीड तासाने पाहावे तर काटा साठ-पासष्टच्या आसपास रेंगाळत असलेला. अशा वेळी मालकाचा पहिला संशय पेटीच्या तळाशी असलेल्या कॉइलवर जातो, दुसरा थर्मोस्टॅटवर, आणि तो जर आमच्या मुलखातून येथे आलेला असेल तर पहिला संशय वीज मंडळावर. माझे मत असे आहे की, बहुतेक प्रसंगी हे तिघेही निर्दोष असून खरा अपराधी पेटीच्या आत, जाळीवर आणि तळच्या थाळीत, उघड्यावर बसलेला असतो. तो म्हणजे पाणी. अन्नाला धूर देण्याची सारी विद्या ही प्राचीन काळापासून पाणी काढून टाकण्याची विद्या आहे, धूर हे तिचे सुवासिक उपांग मात्र आहे, आणि पेटीला विजेची तार जोडल्याने या संबंधात काडीचाही फरक पडलेला नाही.

रॉस्किलच्या सखल भागातून ते आउआउंगा हा ओढा वाहतो, ज्याला इंग्रजी नकाशे ओकली क्रीक म्हणतात. या ओढ्यात ईल, म्हणजे सर्पाकार मासा, आजही आढळतो, आणि माओरी समाजात या माशाला अन्न म्हणून जे महत्त्व होते त्याची बरोबरी फार थोड्या पदार्थांना करता येईल. तो टिकविण्याची त्यांची रीत पावहारा या नावाने प्रसिद्ध आहे: मासा उभा चिरावयाचा, काटा काढावयाचा, पसरून टांगावयाचा आणि वारा, ऊन व शेकोटीची धग यांच्या साहाय्याने सुकवावयाचा. या क्रमात टांगणे अगोदर आणि धग नंतर आहे हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे सारा वाद याच क्रमावर येऊन ठेपणार आहे. आमच्या कोकणात मात्र धुराचे शास्त्र समुद्रकाठी फारसे वाढले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे; नारळी पौर्णिमेनंतर दर्या खुला झाला की पुढे वैशाखापर्यंत ऊन आणि मिठागरांचे मीठ इतके मुबलक मिळे की बांबूच्या मांडवावर बोंबील टांगून ठेवणाऱ्या कोळ्याला लाकूड जाळण्याची गरजच भासली नाही. जेथे हवा दमट आणि ऊन बेभरवशाचे, तेथेच धूर हा व्यवसाय झाला. गोव्यातील चोरिस, म्हणजे व्हिनेगर व मिरचीत मुरविलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज, उन्हात घालून वर धूरही देण्याची जी चाल आहे, ती या दोन व्यवस्थांच्या सीमेवरची तडजोड म्हणता येईल.

ऑकलंडचे हवामान तर या बाबतीत कोकणच्या अगदी उलट. येथे हिवाळा जून ते ऑगस्ट. थंडी बोचरी नसते, दुपारी चौदा-पंधरा अंश असतात, पण हवा ओलसर आणि आकाश सदा पालटणारे. वसाहतीच्या प्रारंभीच्या काळात आल्बर्ट सॅनफर्ड या कोळ्याने समोरच्या आखातातील राकिनो बेटावर स्नॅपर मासा धुरावून शहरात विकण्याचा जो धंदा मांडला, त्यातूनच पुढे १९०४ साली त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली आणि ती आजतागायत मत्स्यव्यवसायात आहे. परंतु धूर देण्याची कला केवळ बाजारात न राहता घरोघर पोहोचली, यामागे एका विचित्र कायद्याचाही हात आहे. कॅलिफोर्नियाहून १८८३ साली इंद्रधनुषी ट्राउटची अंडी ऑकलंडला आणली गेली आणि तो मासा या देशातील नद्या-सरोवरांत अफाट वाढला. मात्र त्याची विक्री कायद्याने निषिद्ध आहे. ट्राउट धरावा, खावा, भेट द्यावा, पण विकू नये, असा हा दंडक असल्यामुळे ज्याला धुरावलेला ट्राउट खावयाचा असेल त्याने तो स्वतः धरणे आणि स्वतः धुरावणे, अथवा एखाद्या धूरघरवाल्याला मजुरी देऊन आपलाच मासा धुरावून घेणे, याखेरीज मार्ग उरत नाही. बाजार बंद झाला की घरगुती हुन्नर वाढीस लागतो याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

या घरगुती हुन्नराचे पहिले साधन म्हणजे पत्र्याचा एक चपटा डबा: तळाशी मूठभर मानुकाचा भुसा, वर जाळी, जाळीवर मासा, आणि डब्याखाली मेथिलेटेड स्पिरिटची लहानशी दिवटी. दिवटी पंधरा-वीस मिनिटांत विझते, तोवर मासा शिजून धुरावलेला असतो. मद्यबंदीच्या रॉस्किलमध्ये स्पिरिटला प्रवेशाची एवढी एकच वाट मोकळी होती, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही. या डब्याविषयी तो तापत नाही अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही, आणि त्याचे कारण दिवटीच्या ज्योतीत नसून डब्याच्या आकारात आहे. दोन मासे, चार बोटे उंचीची पोकळी आणि पाण्याची थाळी मुळीच नाही, अशा स्थितीत तापविण्यासारखे असते तरी काय?

विजेची पेटी ही पुढची पिढी. युद्धोत्तर काळात सरकारने बांधलेली लाकडी घरे रॉस्किलच्या माळावर ओळीने उभी राहिली, प्रत्येक घरामागे प्रशस्त परस होते, आणि घरात वीज होती. परंतु त्या वर्षांत विजेची टंचाई इतकी होती की हिवाळ्यात कपात करावी लागे, आणि पुढे घरोघरच्या गरम पाण्याच्या टाक्या दुरूनच बंद-चालू करता याव्यात अशी संकेत पाठविणारी यंत्रणा या देशाने उभारली, जी अद्याप वापरात आहे. मासा धुरावण्यासाठी वीज खर्च करावी ही कल्पना त्या काळी उधळेपणाची वाटली असती. ती रूढ झाली १९६० च्या दशकानंतर, आणि तीही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून, जेथे ऑरेगॉन राज्यातील एका मासेमारीची आमिषे बनविणाऱ्या कंपनीने लिटल चीफ नावाची अॅल्युमिनियमची पेटी बाजारात आणली. तिच्यात थर्मोस्टॅट नव्हता, कॉइल अवघी अडीचशे वॉटची होती, आणि तिचे तापमान पंच्याहत्तर अंशांच्या आतच राही. तिच्या कर्त्यांनी तिला भट्टी म्हणून कधी पुढे केलेच नाही, ती मुख्यतः सुकविणारी पेटी होती. थंडीच्या दिवसांत तिच्यावर ती ज्यातून आली तो पुठ्ठ्याचा खोका उपडा घालून उष्णता राखण्याची युक्ती वापरणाऱ्यांत रूढ झाली. पुढच्या कारखानदारांनी तिला थर्मोस्टॅट, आकड्यांची पाटी, पाण्याची थाळी आणि काचेचे दार जोडले, आणि या नव्या पोशाखामुळे ती पेटी म्हणजे एक भट्टीच आहे अशी गिऱ्हाइकांची समजूत झाली. आजच्या तक्रारीचे मूळ या समजुतीत आहे.

याच ठिकाणी ॲबर्डीनच्या टॉरी संशोधन केंद्राची आठवण काढणे अगत्याचे आहे, कारण धूर आणि पाणी यांचा हिशेब प्रथम शास्त्रीय रीतीने मांडला गेला तो तेथे. ब्रिटनमधील जुनी धूरघरे ही उंच धुराड्यांसारखी असत; तळाशी लाकडाच्या भुश्याचे ढीग धुमसत, वर आडव्या काठ्यांवर हेरिंगच्या रांगा लटकत, आणि खालच्या रांगा लवकर वाळतात व वरच्या ओल्या राहतात म्हणून कामगार रात्रभर काठ्यांची अदलाबदल करीत. या धूरघरांचा सारा भरवसा बाहेरच्या हवेवर होता. कोरड्या थंड रात्री काम झपाट्याने होई. उबदार आणि दमट रात्री आग कितीही वाढविली तरी मासा वाळत नसे, नुसता मऊ पडून काठीवरून गळून पडे. टॉरी येथे चार्ल्स कटिंग आणि त्याचे सहकारी यांनी १९३९ च्या सुमारास जी धूरभट्टी सिद्ध केली, तिच्यात धुराड्याची जागा आडव्या बोगद्याने घेतली, पंख्याने धूर आणि हवा माशांवरून समान वेगाने वाहू लागली, तापमान थर्मोस्टॅटच्या हवाली झाले. परंतु या साऱ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे झडपांची व्यवस्था, जिच्यायोगे बोगद्यातून किती ओली हवा बाहेर सोडावी, किती कोरडी हवा आत घ्यावी आणि किती हवा पुन्हा फिरवावी याचे प्रमाण ठरविता येऊ लागले. उष्णता कमी पडली तर आग वाढवावी, ही पूर्वापार समजूत. टॉरीच्या मंडळींनी दाखवून दिले की ओली हवा बाहेर गेल्याखेरीज वाढविलेली आग फुकट जाते. याच कटिंगने पुढे १९५५ साली मासे टिकविण्याच्या कलेचा प्राचीन काळापासूनचा एक भरदार इतिहासही लिहिला. आपल्याकडेही १९५७ साली कोचीन येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने मच्छीमार वस्त्यांसाठी सामुदायिक धूरभट्टीचा नमुना तयार केला.

आता रॉस्किलमधील परसदारची पेटी घेऊ आणि थोडे गणित करू. समजा, कॉइल आठशे वॉटची आहे. थाळीत नळाचे तीन लिटर पाणी पंधरा अंशांवर ओतले, तर ते उकळीच्या जवळ, पंच्याण्णव अंशांपर्यंत नेण्यास सुमारे एक हजार किलोज्यूल लागतात, म्हणजे कॉइलची पूर्ण शक्ती एकवीस मिनिटे. फ्रिजमधून काढलेला चार किलो मासा चार अंशांवरून पासष्टवर नेण्यास अठरा मिनिटे. धुरावताना माशाचे वजन शेकडा पंधरा घटेल असे धरल्यास सहाशे ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते, त्याला अर्धा तास. आणि थाळीतले अर्धा लिटर जरी उडून गेले तरी आणखी चोवीस मिनिटे. पेटीचा पत्रा तापविणे, भिंतींतून झिरपणारी उष्णता, नैर्ऋत्येकडून येणारा गार वारा आणि दर वेळी दार उघडून डोकावणाऱ्या मालकाची उत्सुकता या रकमा अद्याप खतावणीत धरलेल्याच नाहीत, तरी दीड तासाचे कर्ज झाले. दीड तासाने काटा साठ-पासष्टवर दिसतो, याचा अर्थ पेटी आपले देणे इमानाने फेडीत आहे एवढाच. आणखी एक गोष्ट अशी की, पदार्थाचा पृष्ठभाग ओला असेतोवर तेथील तापमान बाष्पीभवनामुळे दबून राहते, भोवतालची हवा कितीही तापली तरी. अमेरिकेतील मांस धुरावणाऱ्यांना मोठा तुकडा पासष्ट-सत्तर अंशांवर येऊन तासन्‌तास अडून बसल्याचा जो अनुभव येतो, तो याच कारणाने.

हे ध्यानी आल्यावर उपाय आपोआप सुचतात आणि ते सारे जुनेच आहेत. मीठ लावून झाल्यावर मासा धुवून, पुसून, उघड्या जाळीवर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा, म्हणजे त्यावर चकचकीत, किंचित चिकट पापुद्रा धरतो. पावहारातील टांगणे हे हेच. थाळीत उकळते पाणी ओतावे, किंवा मासा असताना थाळी कोरडीच ठेवावी. लाकडाचे तुकडे भिजवू नयेत. धूरघरातला भुसा ओलसर ठेवीत तो आग भडकू नये म्हणून, आणि विजेच्या पेटीत मुळात आगच नसल्याने त्या ओलीला तेथे काही प्रयोजन नाही. रिकामी पेटी अर्धा-पाऊण तास अगोदर तापवावी. आणि पहिल्या तासात वरचे छिद्र उघडे ठेवावे. उष्णता निसटेल या भीतीने ते बंद करणारा मनुष्य ओली हवा आत कोंडून ठेवतो, म्हणजे दमट रात्रीच्या ॲबर्डीनची पुनरावृत्ती आपल्या परसात घडवून आणतो.

मराठी माणसाच्या संशयाचाही येथे निकाल लावला पाहिजे. या देशाने १९८७ च्या कायद्याने आगमनाचे निकष बदलून राष्ट्रीयत्वापेक्षा कौशल्याला महत्त्व दिले, त्यानंतर जी भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने आली त्यांत मराठीही आहेत. आणि बांगड्याच्याच कुळातील निळा मॅकरेल धुरावून पाहण्याचा मोह कोकणच्या माणसाला होणे स्वाभाविकच. त्याच्या मनात गावच्या डीपीच्या शेवटच्या खांबावरचा पिवळा, मिणमिणता दिवा घर करून असतो, म्हणून पेटी मंद तापताच तो म्हणतो, होल्टेज कमी आहे. मॅंचेस्टरजवळचा मद्यनिर्माता जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केलेल्या नियमाचा परिणाम असा की, कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; गावी २३० चे १८० व्होल्ट झाले तर जवळजवळ दोन-पंचमांश उष्णता नाहीशी होते, हे खरेच. परंतु न्यूझीलंडमध्ये कायद्याने दाब २३० च्या वर-खाली ठरावीक मर्यादेतच राखावा लागतो, आणि अगदी खालच्या मर्यादेवरही तूट गावाइतकी होत नाही. त्याऐवजी गॅरेजमधून ओढलेली जुनी, बारीक, लांबलचक वायर तपासावी. अमेरिकेहून सामानात आणलेली १२० व्होल्टची पेटी मात्र वेगळी बाब आहे. तिला अपुऱ्या शक्तीचा ट्रान्सफॉर्मर जोडला तर दोघांचीही दैना होते.

खरे विजेचे दोष असतात, ते थोडे आणि ओळखण्याजोगे असतात. रिकाम्या, कोरड्या पेटीला वारा नसलेल्या जागी चालू करावे; तरीही ती तासाभरात ठरलेल्या अंशांच्या जवळ पोहोचली नाही तर दोष पेटीचा. अशा वेळी पहिली शंका कॉइलच्या मागच्या जोडाची घ्यावी, कारण धुरातील आम्ले आणि ओल यांनी तेथील खाच गंजते, गंजाने अडथळा वाढतो आणि जोड स्वतःच करपू लागतो. दुसरी शंका आतील तापमापकाच्या दांडीची. तिच्यावर चरबी आणि काजळी यांचे पुट चढले तर तिची नोंद चुकते, आणि ती कॉइलच्या फार जवळ आली तर थर्मोस्टॅट फसतो आणि प्रवाह लवकर तोडतो. म्हणून पदार्थाशेजारी निराळा तापमापक ठेवल्याखेरीज पाटीवरील आकड्याची साक्ष ग्राह्य मानू नये. तिसरी, दाराच्या रबरी पट्टीची. कॉइलची तार निक्रोमची असते, हा मिश्रधातू आल्बर्ट मार्श याच्या १९०६ च्या पेटंटपासून जगभर रुळला, आणि तो सहसा अर्धवट मरत नाही. तुटला तर तुटतो, टिकला तर पूर्ण उष्णता देतो. दोन कॉइलींच्या पेटीत एक गेली असेल तरच उष्णता निम्मी होते. बाहेर पावसात राहिलेल्या पेटीच्या कॉइलमधील भुकटी ओल शोषते आणि चालू करताच घरचा सुरक्षा-स्विच पडतो; असे झाल्यास इलेक्ट्रिशियनला बोलवावे, पुन्हा पुन्हा स्विच वर करू नये.

या सर्व खटाटोपात एक बाब मात्र गंभीर आहे. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान अन्न राहिले की त्यात घातक जंतू वाढतात, हा येथील अन्नसुरक्षेचा मूलभूत ठोकताळा आहे, आणि धूर दिल्याने पदार्थ निर्दोष होतो हा समज १९९२ साली याच देशात धुरावलेल्या शिंपल्यांतून लिस्टेरियाचा संसर्ग पसरला तेव्हा पुरता खोटा ठरला. मंद पेटीत मासा किंवा कोंबडी चार-चार तास कोमट राहणे हा केवळ खोळंबा नव्हे. खारवलेल्या पातळ तुकड्यांना सोसेल तो विलंब जाड, अळणी कोंबडीला सोसत नाही. तिच्या गाभ्याचे तापमान पंच्याहत्तर अंशांपर्यंत गेलेच पाहिजे, आणि पेटीच्या हातून ते होत नसेल तर धूर लागल्यावर तिला सरळ ओव्हनमध्ये घालावे. जुन्या धूरघरवाल्यांना हे सांगावे लागत नसे, कारण ते मिठाचा हात आजच्यापेक्षा फार सढळ ठेवीत.

अलीकडे रॉस्किलमधील ती सरकारी लाकडी घरे पाडून त्यांच्या जागी दुमजली, खेटून उभी असलेली घरे बांधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालू आहे, ते आउआउंगाचे काँक्रीटचे पात्र फोडून त्याला पुन्हा वळणे आणि झाडी मिळाली आहेत, आणि परस मात्र चार पावलांचे उरले आहेत. साहजिकच पेटी आता घराच्या भिंतीला लागून, नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या आडोशाला आली आहे, वायर आखूड झाली आहे, आणि या दोन्ही कारणांनी ती पूर्वीपेक्षा लवकर तापते. तक्रार आता येते ती कुंपणापलीकडून, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना मानुकाचा वास लागल्याची.